पाच माणसं, सातशे रुपये आणि एक रविवार: सोलापूरहून कुठे जावं?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला आहे, मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. दोघांना मिळून सुट्टी म्हणजे फक्त रविवार. घरात आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि सासूबाई ७१ वर्षांच्या. सासूबाई सपाटीला चांगल्या चालतात, पण पायऱ्या आल्या की गुडघा धरून बसतात.

दिवाळीत पुण्याहून नणंद आली होती. तिच्या मुलांनी मॉल, वॉटर पार्क, कुठली कुठली गोष्ट सांगितली. ते गेल्यावर आमची मुलगी म्हणाली, "आई, आपल्या सोलापुरात बघायला काहीच नाही का गं?" माझा जन्म इथला, सासर इथलं, तरी मला पटकन काही सांगता आलं नाही. सिद्धेश्वराचं देऊळ, कंबर तलाव, भुईकोट किल्ल्याची बाग, एवढंच सुचलं. आणि तिथे तर आम्ही जातच असतो.

गेल्या जानेवारीत हौसेनं एका ठिकाणी हुरडा पार्टीला गेलो होतो. माणशी साडेचारशे रुपये, मुलांचेही तेवढेच. म्हणजे जेवायच्या आधीच सव्वादोन हजार गेले. स्पीकर इतका मोठा की सासूबाई कानाला पदर लावून बसल्या. हुरडा स्टीलच्या ताटलीत आणून दिला, तोही गार. मुलांनी कणसं भाजायची आगटी बघितलीसुद्धा नाही. घरी येताना मिस्टर काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जादा पाळी केली. ते मला फार लागलं.

म्हणून विचारते. महिन्यातून एक रविवार, पाच जणांचे मिळून सातशे रुपये. जेवण घरून नेऊ, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली की आमचं भागतं. घरात एक दुचाकी आहे, वेळ पडली तर दिराची दुसरी मिळते. मुलीला दाखवण्यासारखं काही सांगा.

जुळे सोलापूरकर

अक्का, लांब जायच्या आधी गावातलं एक सांगू लालो. भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीसांचं घर आहे, तिथं स्मारक केलंय. मुलीला नक्की दाखवा. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली आपल्या सोलापुरात जन्मले, युद्धात चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ ला तिथंच गेले. बत्तीस वर्षांचा माणूस! चीनमध्ये त्यांचं नाव आजही मानानं घेतात, आणि आपण त्यांच्या दारावरून रोज गाडी मारत जाऊ लालो.

तिथून मग केगावला, विद्यापीठाच्या बाजूला विज्ञान केंद्र आहे. तिकीट खिशाला जड नाही. मी माझ्या भाच्याला घेऊन गेलतो, तीन तास बाहेर यायला तयार नव्हता.

डबल बेल

ताई, मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. सोलापूर जिल्हा आणि आजूबाजूचा मुलूख मी तिकीट फाडत फाडतच बघितला. तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी सविस्तर लिहितोय.

आधी भाड्याचं बोलू. बरेच जण इथेच कच खातात आणि घरी बसतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुमचं अर्धं, सासूबाईंचं अर्धं. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं, म्हणजे दोन्ही लेकरांचं अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या तुमच्या मिस्टरांचं. पाच माणसं बसली तरी पैसे तीन माणसांचे. मुलीला बारा पूर्ण झाली तरी ती बाईमाणसात धरली जाते, तिचं अर्धंच राहतं. सासूबाई पंचाहत्तरीच्या झाल्या की त्यांना पूर्ण मोफत. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, एवढं ध्यानात ठेवा.

आता पहिला रविवार. मी तुम्हाला नळदुर्गला पाठवणार नाही, तुळजापूरला नाही, अक्कलकोटलाही नाही. तिथे जालच. मी सांगतो हत्तरसंग कुडल.

दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे हे ठिकाण आहे. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. दोन दुचाक्या जमत असतील तर सगळ्यात सोयीचं. एसटीनं जायचं म्हणाल तर आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी खिडकीला परतीच्या गाडीचं विचारून ठेवा. जायची गाडी कशीही मिळते, माणूस अडकतो तो परतीला. हे एकतीस वर्षांच्या अनुभवाचं सांगतो.

तिथे दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं. हरिहरेश्वराचं देऊळ मातीत गाडलं गेलं होतं. १९९९ साली खोदकामात तिथे एक शिवलिंग निघालं, माणसाएवढं उंच, आणि त्याच्या अंगावर ३५९ छोटी छोटी मुखं कोरलेली. मुलाला मोजायला लावा. तो शंभरच्या आत चुकेल, परत पहिल्यापासून मोजेल. तोवर सासूबाईंना सावलीत बसून नदीचं वारं घेता येईल.

पण मी मुलीसाठी सांगतोय ते संगमेश्वराच्या देवळातलं आहे. तिथे सभामंडपाच्या तुळईवर एक लेख कोरलाय, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. त्यातली ओळ अशी: "वाछि तो विजेया होइवा". म्हणजे, जो हे वाचील तो विजयी होईल.

मी नोकरीत असताना त्या बाजूला कितीदा मुक्काम केला, पण कधी देवळात शिरलो नव्हतो. सेवानिवृत्तीनंतर नातीला घेऊन गेलो. भर दुपारी अक्षरं काही केल्या दिसेनात. तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं सांगितलं, समोरून बॅटरी मारू नका, बाजूनं मारा. मी मोबाइलचा उजेड तिरका धरला आणि दगडातल्या रेघांत सावली भरली. आधी एक "व" उमटला, मग "छ". नात चौथीत होती. बोट न लावता, हवेतच गिरवत तिनं एकेक अक्षर लावलं. "होइवा"ला अडखळली, मग म्हणाली, "आजोबा, हे आपल्यालाच लिहिलंय." मला उत्तर देता येईना, माझा गळा भरून आला होता. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी हातात घेऊन वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवलाय, आणि तो आपल्या तालुक्यात, फुकट मिळतोय.

ताई, मुलीला तिथे नेताना आधी काही सांगू नका. तिचं तिला वाचू द्या.

दुसरा रविवार रेल्वेचा. विजापूर, आता विजयपुरा म्हणतात. होटगीवरून लाइन जाते. साध्या गाडीचं तिकीट एसटीपेक्षाही स्वस्त पडतं, आणि मुलांना गाडीत उड्या मारायला जागा असते. गोल घुमट स्टेशनपासून जवळच आहे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. मोठ्यांचं पंचवीसेक रुपये. मुहम्मद आदिलशहाची कबर ती, १६५६ ची. वर घुमटाच्या आतून गोल सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलं तर पलीकडे ऐकू येतं, आणि घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर आहे, म्हणजे पलीकडे किती लांब ते बघा. फक्त शाळांच्या सहली पोचायच्या आत वर जा. सगळे एकदम ओरडायला लागले की कुजबूज कुठली ऐकू येणार. जिना अरुंद आणि उंच आहे, सासूबाईंना खाली बागेतच बसवा. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा, आळीपाळीनं वर जा. म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवून सगळ्यांनी वर जायचं, हे मला पटत नाही.

नळदुर्ग मात्र आता नको, पावसाळ्यासाठी राखून ठेवा. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरून वाहायला लागली की बांधावरून पाण्याचे दोन लोट कोसळतात, नर आणि मादी म्हणतात त्यांना. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडतो. उन्हाळ्यात गेलात तर नुसती दगडी भिंत बघून याल आणि मुलं म्हणतील, यात काय आहे. हैदराबाद रस्त्याला पन्नासेक किलोमीटर, गाड्यांना तोटा नाही.

माळटिटवी

काकांनी कुडलचं लिहिलंय ते वाचून मीही या रविवारी निघाले! माझी भर पक्ष्यांची.

हे थंडीचे दिवस आहेत, त्यामुळे सकाळी सहाला तुळजापूर रस्त्यावर हिप्परगा तलावावर जा. १८७१ साली बांधलेला तलाव आहे, मूळ नाव एकरूख. काठावर शांत बसलं की चक्रवाक दिसतात. नशीब असेल तर पट्टकदंब हंसही, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. ते हिमालय ओलांडून इथे येतात. दुर्बीण नसली तरी चालेल. खर्च पेट्रोलचा तेवढा.

बार्शी रस्त्यावर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. मुलांना आधीच सांगून ठेवा की माळढोक दिसणार नाही, तो आता जवळजवळ उरलेलाच नाही. मी लहानपणी वडिलांबरोबर गेले होते तेव्हा त्यांनी लांबवर बोट दाखवलं होतं, पण मला फक्त गवत दिसलं. ती रुखरुख अजून आहे. काळवीट मात्र कळपानं दिसतात. भर दुपारी जाऊ नका, जनावर सावलीला बसलेलं असतं.

परतताना ज्वारीच्या शिवारावर लक्ष ठेवा. भोरड्यांचा थवा उठला की गाडी थांबवा. हजारो पक्षी एकदम वळतात, काळा ढग पिळून काढल्यासारखे. शेतकरी हाकलत असतो, त्याचं बरोबरच आहे, दाणा त्याचा आहे. पण लेकरांनी एकदा तरी बघावं असं ते दृश्य आहे.

आणि सुईदोराताई, हुरड्याचं मन मोडून घेऊ नका. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, पूर्व भागात कुणाचं ना कुणाचं गाव असतंच. गुळभेंडी ज्वारीची कणसं विकत घ्या, पाच जणांना पुरेल एवढी. हातभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, कणसं राखेत खुपसायची. दाणा हिरवा असला पाहिजे, नखानं दाबला तर दूध नाही, पीठ लागलं पाहिजे. कणीस भाजून निघालं की लगेच तळहातावर चोळायचं. हाताला चटका बसतोच. कुसळं फुंकली की गरम दाणे थेट मुलाच्या ओंजळीत. सोबत तुमचीच शेंगाचटणी आणि गुळाचा खडा. तुमच्या मिस्टरांना चोळायला बसवा, ते त्यांच्याच हातचं असू दे.

सुईदोरा

उशिरा लिहिते, माफ करा. काल कुडलला जाऊन आलो. दिराची गाडी घेतली, पेट्रोल धरून एकूण ३४० रुपये लागले, त्यात येताना सगळ्यांचा चहासुद्धा आला.

काका, मी मुलीला काही सांगितलं नव्हतं. मिस्टरांनी बाजूनं उजेड धरला. आमच्या घरात तेलुगू बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. तिला पूर्ण ओळ लावायला बराच वेळ लागला. अर्थ मी सांगितला तेव्हा ती आधी गप्प राहिली, मग अव्वाला, म्हणजे आजीला, हाताला धरून तुळईखाली घेऊन आली. सासूबाईंना वाचता येत नाही. तिनं एकेक अक्षर दाखवत त्यांच्याकडून ती ओळ म्हणवून घेतली. दोनदा. "आता तू पण वाचलीस," म्हणाली.

मुलगा १४२ पर्यंत पोचला आणि चुकला. परत जायचं म्हणतोय.

हुरड्याला मिस्टरांच्या सोबतचा एक कामगार आहे, त्याचं गाव मोहोळकडे, त्यानं संक्रांतीनंतर बोलावलंय. विजापूरचं फेब्रुवारीत करू. काका, एक विचारायचं होतं, पाच जणांनी सकाळी किती वाजता स्टेशनवर असावं?

डबल बेल

गाडीच्या वेळेआधी पाऊण तास. रविवारी तिकीटखिडकीला रांग असते, आणि सासूबाईंना जिना चढायचा असेल तर घाई नको. पाण्याच्या दोन बाटल्या घरून भरून घ्या. नातीला तुमच्या मुलीचं वाचून दाखवलं, ती विचारते आहे, दोघींना एकदा कुडलला भेटता येईल का. आम्ही मार्चच्या आत येऊ शकतो, त्यानंतर ऊन सोसत नाही.