मदत हवी आहे: गाडीच्या पुढच्या चाकावरचं प्लास्टिकचं लायनिंग फाटलंय, शिवू की नवीन घालू?

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी निघायला आठ दिवस उरलेत आणि गाडी दारात उभी आहे, म्हणून घाईने हा धागा काढतेय. जाणकारांनी जरा लक्ष घालावं.

गाडी २०१९ ची स्विफ्ट, पेट्रोल. गेल्या रविवारी आईबाबांना घेऊन चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पुण्याला येत होते. घाट चढून हेळवाकच्या पुढे आले आणि पाण्याने भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. डावं पुढचं चाक धप्पकन आत गेलं, बंपर खाली घासल्याचा आवाज आला. गाडी सरळ चालत होती म्हणून तशीच पुढे काढली, पण पाचेक मिनिटांत डावीकडून खर्र खर्र सुरू झालं. वळणावर जास्तच. उतरून मोबाइलच्या उजेडात बघितलं, तर चाकाच्या वर कमानीसारखं बसवलेलं काळं प्लास्टिक बंपरपासून सुटून टायरवर लोंबत होतं. शेजारच्या टपरीवरच्या काकांनी सुतळी दिली, भर पावसात स्वतः खाली वाकून ते प्लास्टिक वर ओढून बांधूनही दिलं. उंब्रजला हायवेला लागल्यावरही साठच्या वर गेले नाही. रात्री अकराला घरी.

सकाळी नीट पाहिलं. बंपरकडच्या बाजूला वीतभर चीर आहे. क्लिपची दोन भोकं फाटून कडेपर्यंत उघडी पडलीत. एका जागी टायर घासून प्लास्टिक कागदासारखं पातळ आणि चकचकीत झालंय, मध्ये रुपयाएवढं भोक. त्या भोकातून फॉग लॅम्पची वायर दिसते, तिच्यावर चिखलाचा थर.

भावाने दोन भाग मिसळायची एपॉक्सी लावून चीर जोडली. दुसऱ्या दिवशी बोटाने वाकवली तर एपॉक्सीची अख्खी पट्टी सालीसारखी निघून हातात आली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पार्ट मागवावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, 'ताई, काढून टाका, काही फरक पडत नाही.'

हे प्लास्टिक काढून कोकणात गाडी नेली तर चालेल का? जोडायचं तर कशाने? आणि बाहेरचा, म्हणजे कंपनीचा नसलेला पार्ट घेतला तर नीट बसतो का? बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एसटीचा प्रवास त्यांना झेपणार नाही. गाडी न्यावीच लागेल.

प्रतिसाद

ताई, काढून टाकू नका. माझं चिंचवडला बॉडीचं काम आहे, दर पावसाळ्यात अशा गाड्या येतात. चाक पाणी, चिखल, खडी सगळं वर फेकतं. लायनिंग नसलं की ते थेट फॉग लॅम्पच्या कनेक्टरवर, हेडलाइटच्या पाठीमागे आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला जातं. फेंडरच्या सांध्यात चिखल साचून राहिला की तिथून गंज धरतो, आणि तो बाहेरून दिसेपर्यंत पत्रा आतून खाल्लेला असतो.

एपॉक्सी का निघाली ते सांगतो. तुकडा उलटा करून आतल्या बाजूला बघा, बारीक अक्षरांत पीपी असा छाप सापडेल. बहुतेक लायनिंग पॉलिप्रॉपिलीनचंच असतं. त्याच्यावर साधा गोंद किंवा एपॉक्सी धरतच नाही, आपल्या घरातल्या प्लास्टिकच्या डब्याला चिकटपट्टी धरत नाही तसं. त्याला एकतर पीपीच्याच कांडीने वेल्डिंग करायचं, नाहीतर शिवायचं.

तुमच्याकडे वेळ कमी आहे, शिवणंच बरं. आधी चीर जिथे संपते त्या टोकाला एक बारीक गोल भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून साधारण १ सेंटिमीटर आत, समोरासमोर ३ मिमीची भोकं पाडा आणि काळ्या केबल टायने (ओढली की घट्ट बसणारी प्लास्टिकची पट्टी) टाके घाला. पांढरे टाय नको, उन्हाने लवकर कडक होऊन तुटतात. टायची गाठ पत्र्याच्या बाजूला ठेवा, टायरच्या बाजूला अजिबात नाही. रुपयाएवढ्या भोकाला ऑइलच्या जुन्या कॅनचा तुकडा कापून मागून लावा, तोही टायनेच. फाटलेल्या क्लिपच्या जागी त्याच कॅनची मोठी गोल चकती कापून वॉशरसारखी घाला आणि नवीन क्लिप दाबा. जुन्या क्लिप पुन्हा वापरू नका, बाजारात सुट्या मिळतात. काढताना नीट बघा: काहींत मधली पिन बाहेर ओढायची असते, काहींत आत दाबायची.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, पण मला तुमच्या लायनिंगपेक्षा टायरची काळजी वाटतेय. बंपर टेकण्याइतका खड्डा बसला म्हणजे टायरलाही मार बसलेला असणार. चाक काढून आतली बाजू बघितलीत का? बाहेरून टायर ठीक दिसतो आणि आतल्या भिंतीला फुगा असतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत, फक्त रबरावर हवा थांबलीय. तो घाटात फुटला तर स्टिअरिंग सांभाळणं कठीण. रिमही फिरवून बघा, चाकांची दिशा जुळवून (अलाइनमेंट) घ्या. आईबाबांना घेऊन जाताय, हे आधी करा. लायनिंग नंतर.

प्रतिसाद

पार्टबद्दल: नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. फेंडर लायनिंग, पुढचं, डावं असं सांगा. डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं, समोरून बघून नाही. आरसी बुकावरचा चॅसी नंबर बरोबर न्या. त्याच नावाच्या गाडीचं मॉडेल बदललं की कमानीचा आकारही बदलतो. बाहेरचा पार्ट घ्यायचाच असेल तर तुमचा जुना तुकडा नेऊन दोन्ही एकावर एक ठेवा, भोकं जुळतात का बघा, मगच पैसे द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. टायरचं ज्यांनी लिहिलं त्यांचे तर फारच.

काल टायरच्या दुकानात चाक उतरवलं. आतल्या बाजूला लिंबाच्या फोडीएवढा फुगा होता. रविवारी त्याच टायरवर आईबाबांना घेऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर आले, या विचाराने रात्री झोप लागली नाही. टायर नवीन घातला. रिम थोडी वाकली होती, ती सरळ करून घेतली. अलाइनमेंटही झाली.

लायनिंग काढल्यावर पीपीचा छाप सापडला. नाना पेठेत बाहेरचा पार्ट मिळाला, पण जुन्या तुकड्यावर ठेवून बघितला तर बंपरकडची कड अर्धा बोट आखूड होती, म्हणून घेतला नाही. कंपनीचा मागवलाय, तो आम्ही परत आल्यावर येईल. तोवर शिवलेलंच चालवणार. भावाने आणि मी मिळून सतरा टाके घातले. सगळ्या गाठी आत.

परत बसवताना एक गोष्ट लक्षात आली, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. डाव्या चाकाच्या पुढच्या बाजूला हात घालायचा असेल तर स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायचं. चाकाची पुढची कड आत जाते आणि बंपरकडच्या क्लिप समोर येतात. तेवढ्यासाठी जॅक लावावा लागत नाही. सगळं झाल्यावर घरातले चौघं गाडीत बसले, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवलं. टायर आणि लायनिंगमध्ये बोट सहज जातं.

एकच शंका राहिली. फेंडरच्या आतल्या कडेला, रंग उडालेल्या जागी नखाएवढा गंज दिसला. लायनिंग लावून टाकलंय. पुन्हा काढू का?

प्रतिसाद

काढा ताई, चार क्लिपचं काम आहे. पाण्याने धुऊन पूर्ण सुकू द्या, ओलं असताना काही लावू नका. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग गंजरोधक प्रायमर आणि वर रंगाचा एक हात. चिंचवडला आलात तर दुकानात या, प्रायमर माझ्याकडे आहे, लावून देतो. निघायच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी या, म्हणजे नीट वाळेल.

धागाकर्ती

उद्या सकाळी येते दादा. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.