गीझरच्या सॉकेटमधून ठिणग्या येतात, पण एमसीबी पडत नाही

मृण्मयी, ठाणे:
नमस्कार. आमची इमारत जवळपास चाळीस वर्षांची असून वायरिंग बहुतांशी मूळचेच आहे. स्वयंपाकघरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर चालतो. गेल्या आठवड्यापासून गीझर सुरू असताना सॉकेटमधून चरचर आवाज येत होता आणि काल संध्याकाळी पिनेजवळ निळसर ठिणग्या दिसल्या. एका छिद्राभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडले आहे व जळका वासही येतो. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप वीज तोडणारा स्विच) मात्र एकदाही पडलेला नाही, त्यामुळे घरच्यांचे म्हणणे असे की धोका असता तर तो पडलाच असता. हे बरोबर आहे का? केवळ सॉकेट बदलून भागेल का? सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात, म्हणून जीवाला घोर लागला आहे.

निवृत्त वायरमन:
ताई, उत्तर वाचून होण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी बंद करा. कोणता ते नक्की ठाऊक नसेल, तर मेन स्विचच पाडा. हात कोरडे असू द्या, पायात चप्पल असू द्या, आणि ठिणग्या दिसत असताना त्या प्लगला किंवा त्याच्या बटणाला हात लावू नका. पुन्हा कधी धूर किंवा ज्वाळा दिसल्या, तर पाणी मुळीच मारू नका; मेन बंद करून सासूबाईंसह घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. हे दोन्ही क्रमांक सासूबाईंनाही माहीत असावेत.

घरच्यांचा समज चुकीचा आहे. तीन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो आणि सॉकेटमधला सांधा सैल झाला तरी हा प्रवाह वाढत नाही, त्यामुळे १६ किंवा २० अँपिअरच्या एमसीबीला काही बिघडल्याचे कळतच नाही. आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) असेल तर तोही गप्प राहतो, कारण तो फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) तितकाच परतला की नाही एवढेच पाहतो. दरम्यान त्या सैल सांध्यात केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे सुमारे ८५ वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, यावरून त्या नखाएवढ्या जागेत काय होत असेल ते ध्यानात येईल.

सह्याद्री_विद्युत:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. फक्त सॉकेट बदलून मात्र भागणार नाही. गीझरचा प्लगही बदलावा लागेल, कारण काळवंडलेली पिन नव्या सॉकेटलाही तापवून खराब करते. मागची तार किती अंतरापर्यंत भाजली आहे ते पाहून, चकचकीत तांबे लागेपर्यंत ती कापून घ्यावी आणि तार अपुरी पडली तर जोड न देता डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या पेटीपासून) नवी ओढावी. इतक्या जुन्या इमारतीत तार ॲल्युमिनियमची असण्याचीही शक्यता आहे. ती स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. या गीझरसाठी निदान अडीच चौरस मिलिमीटरची, शक्यतो चारची तांब्याची तार घ्यावी. बटण न्यूट्रलवर नसून फेजवरच आहे, हेही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून समोर उभे राहून तपासून घ्या.

मृण्मयी, ठाणे:
मनःपूर्वक आभार. काल लगेच एमसीबी बंद केला आणि आज इलेक्ट्रिशियन येऊन गेले. फेजचा स्क्रू बोटाने फिरत होता आणि तारेचे आवरण वीतभर काळे पडून हात लावताच गळत होते. तार ॲल्युमिनियमचीच निघाली. चारची नवी तार उद्या पडेल. लॅपटॉपचा चार्जर लावतानाही बारीकशी ठिणगी दिसते, तेही सॉकेट बदलावे का?

निवृत्त वायरमन:
बटण चालू ठेवून चार्जर लावल्यास क्षणभर ठिणगी दिसतेच, त्यात दोष नाही. आधी प्लग लावून मग बटण सुरू करा. ठिणगी पिन लागल्यानंतरही येत राहिली, आवाज आला किंवा प्लेट कोमट लागली, तर मात्र तेही सॉकेट उद्याच उघडून घ्या.