महिला रविवार झाला, बाकीच्या ५१ रविवारांचं काय?

नगरकरीण: आमच्या मंडळीत, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमध्ये, वर्षातून एकदा महिला रविवार असतो. गायनापासून संदेशापर्यंत सगळं बायका करतात. यंदा संदेश मी दिला. नंतर मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "छान बोललीस गं, प्रभुभोजन पुढच्या रविवारी ठेवलंय, पाळकसाहेब आले की." पाळकपदाच्या दीक्षेशिवाय प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, चालवता येत नाही, मान्य. पण दीक्षा झालेल्या बाई आहेत ना! पाळकांच्या बदल्या निघाल्या की आमची कमिटी आधीच कळवून ठेवते, बाई नको. तिकडे आंध्रात नंद्याळला २०१३ मध्ये पुष्पललिता बिशपसुद्धा झाल्या.

साधा_विश्वासी: बायबलमध्ये १ तीमथ्य २:१२ वाचा, बाईने पुरुषांना शिकवू नये असं पौल लिहितो. संडे स्कूल, घरोघरच्या प्रार्थना बायकांवरच चालतात, कोण नाही म्हणतंय? पण कुठे कोणी बिशप झालं म्हणून वचन बदलत नाही.

नगरकरीण: संडे स्कूलची मुलं मिसरूड फुटेपर्यंत आमचं ऐकतात, मग अचानक वचन आडवं येतं. आणि १ करिंथ ११:५? बाईने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, असं तोच पौल सांगतो. गप्प बसायचं असतं तर पदराची चर्चा कशाला?

वसईकर: आम्हा कॅथोलिकांत मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, बायबलची वाचनं बायका कधीच्याच करतात. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदंही रीतसर खुली केली. मिस्सा अर्पण करणं वेगळं, ते धर्मगुरूचं काम. येशूने बारा प्रेषित पुरुष निवडले. ते बदलण्याचा चर्चला अधिकारच नाही, असं जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये लिहिलं. हक्काच्या भाषेत हे बसत नाही. मी पुरुष असून मलाही वेदीवर तो हक्क नाही.

दौंड_पॅसेंजर: तुम्हाला सेमिनरीत शिकून धर्मगुरू व्हायची वाट तरी आहे, दादा. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना पुरुषांना शिकवणार म्हटल्यावर मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली होती. इथे भरसभेत पंडितांसमोर बोललेली बाई ती! पुढे १९०५ च्या धार्मिक जागृतीत त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुली गावोगाव सुवार्ता सांगत फिरल्या.

साधा_विश्वासी: रमाबाईंनी मिशन चालवलं. पाळकपद मागितलं नाही.

नगरकरीण: मागितलं असतं तर कोणी दिलं असतं? असो. पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे. मी एकच अर्ज दिलाय: "बाई नको" हे तोंडी कळवू नका, इतिवृत्तात लिहा, कारणासकट. सेक्रेटरींनी अर्ज घेतला, पोच अजून दिलेली नाही.