मदत हवी आहे: केंद्रातून आल्यावर दादाचं परत सुरू, गोळी किती द्यायची?

अबोली: दादा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, काही दिवस छान होता, आता परत सुरू झालंय. वहिनीला कोणीतरी गोळ्या आणून दिल्यात, कुटून आमटीत टाकायच्या म्हणे, त्याला कळणारही नाही. किती द्यायची? रविवारी चुलतभावाची हळद आहे, त्याआधी फरक पडायला हवा. उपदेश नकोत.

पिंपळपान: काय सुरू झालंय? दारू, गांजा, आणखी काही? गोळीचं नाव? शेवटची कधी घेतली?

अबोली: दारूच हो, दुसरं काय असणार! पाकिटावर डायसल्फिराम २५० लिहिलंय.

काळीमाती: ताई, आमटीत अजिबात टाकू नका. दारूपासून शरीरात अॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि ते पुढे मोडणारं एन्झाइम ही गोळी बंद पाडते. वर क्वार्टर पोटात गेली की चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असेल तर जीवही जातो. गोळी चालू आहे हे माहीत असलेला माणूस ग्लासापासून लांब राहतो, ज्याला माहीतच नाही तो पिणारच. गोळी सुरू करायला शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जावे लागतात, आधी लिव्हरची तपासणी होते. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ही गोळी चालू असताना जुलाबासाठी कोणी मेट्रोनिडाझोल दिली तर भ्रम होऊ शकतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही चालत नाही.

चंद्रभागा: माळ घालायला लावा. माळकरी माणूस ग्लासाला हात लावत नाही. गोळ्यांनी मन बदलत नाही.

सह्यकडा: माळेमुळे माणसाला चार चांगली माणसं भेटतात, हे खरंच मोलाचं आहे. पण रोज पिणाऱ्याने माळ घालून एका दिवसात दारू तोडली तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टर, मग माळ. आणि काळीमाती, डायसल्फिरामपेक्षा नाल्ट्रेक्सोन बरी. रोज ५० मिग्रॅ, तलफ कमी होते, भीतीवर चालत नाही.

काळीमाती: सगळ्यांना नाही चालत. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन देत नाहीत. लिव्हर खराब असेल तर अकॅम्प्रोसेट या दारू सोडवण्याच्या दुसऱ्या गोळीचा विचार होतो, तीही किडनी बघून. ठरवू दे डॉक्टरांना.

गवतीचहा: आमच्या आजीची मिश्री सुटत नाही, निकोटिनचं च्युइंगम चालेल का?

पिंपळपान: गवतीचहा, वेगळा धागा काढा. अबोली, शेवटची कधी ते अजून सांगितलं नाहीत. सकाळी हात थरथरतात का? घाम?

अबोली: काल रात्री प्यायला. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. वहिनी म्हणते, हळद होईपर्यंत खोलीत कडी लावून ठेवू.

काळीमाती: कडी लावू नका! हे विथड्रॉवल आहे, म्हणजे दारू तुटल्यावर शरीराला होणारा त्रास. फिट बहुतेक ६ ते ४८ तासांत येते. दोन-चार दिवसांनी भास, बडबड, ताप सुरू झाला तर ती आणीबाणी, १०८ ला फोन करा. आजच जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. थरथर आवरायला गोळ्यांचा उतरता कोर्स देतात, त्यासोबत थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१. ग्लुकोजची बाटली लावायची झाली तर थायमिन आधी, हे आठवण करून द्या. गावातले डॉक्टर कधी नुसती बाटली लावून मोकळे होतात.

सह्यकडा: हळदीला यंदा नेऊच नका. टेबल मांडलेलं, डीजे, भाऊबंदांचा ‘एकच घे’चा आग्रह, त्यात उपाशी पोट. सोमवारी मुहूर्ताला जेवून जा, सोबत न पिणारा एक जण हवा, आणि अक्षता पडल्या की घरी. पगाराची तारीख, गटारी यांचंही आधीच ठरवा. तलफ साधारण १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात पोटभर खाणं, फोन, चालणं. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यांतलं काय वाढलंय ते त्यालाच रोज विचारा.

चंद्रभागा: पण मग केंद्रात घातलेले पैसे फुकटच गेले ना?

सह्यकडा: फुकट नाहीत. फॉलोअप सुटला की घसरण होते, तो परत सुरू करा. ‘एवढं करून परत प्यायलास’ म्हटलं की तो लपवायला लागतो. वहिनींनी अल्-अनॉनच्या बैठकीला जावं, ती घरच्यांसाठीच असते.

अबोली: रुग्णालयात रात्रीची सोय नसेल तर? दादा यायला तयार झालाय.

पिंपळपान: तयार आहे तर आत्ताच निघा. अपघात विभाग रात्रभर उघडा असतो, तिथे ‘दारू तोडल्यावरची थरथर’ असं स्पष्ट सांगा. त्या गोळ्यांचं पाकीटही सोबत न्या. वाटेत शंका आली तर व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ किंवा मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६.