नारळीकरांवरच्या श्रद्धांजली लेखांतून स्थिर स्थिती सिद्धांत का गळतो?

ध्रुवमत्स्य

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात गेले. तेव्हापासून मराठीत त्यांच्यावर जे लेख येतात त्यांचा क्रम ठरून गेला आहे: कोल्हापूर १९३८, बनारस, केंब्रिजचे रँग्लर, ऐन सव्विशीत पद्मभूषण, १९७२ ला मायदेशी, १९८८ ला आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्र संस्था, विज्ञानकथा, संमेलनाध्यक्षपद. ज्या प्रश्नाला त्यांनी उभा जन्म दिला त्याच्या वाट्याला एक ओळ येते: 'फ्रेड हॉईल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला.' सिद्धांत काय म्हणत होता आणि त्याचं पुढे काय झालं, याचा पत्ता नाही. काही लेखांत तर त्यांना चक्क महास्फोटाचे अभ्यासक म्हटलंय. ते आयुष्यभर महास्फोटाच्या, म्हणजे विश्व एका स्फोटातून जन्मलं या मताच्या, विरोधात उभे होते!

विश्व प्रसरण पावतं, तरी त्याला आरंभ नाही आणि त्याची घनता कायम राहते, हे स्थिर स्थिती सिद्धांताचं म्हणणं. बाँडी, गोल्ड आणि हॉईल यांनी तो १९४८ ला मांडला, तेव्हा नारळीकर शाळेत होते. घनता कायम ठेवायची तर नवं द्रव्य जन्मायला हवं. हिशेब केला तर एका घनमीटरला साधारण अब्ज वर्षांत एक हायड्रोजन अणू एवढंच लागतं. पण तो अणू येतो कुठून? ऊर्जेच्या अक्षय्यतेचं काय? इथे नारळीकरांचं काम आहे. केंब्रिजमधले गुरू हॉईल यांच्यासोबत त्यांनी सी-फील्ड या ऋण ऊर्जेच्या क्षेत्राचं गणित उभं केलं. द्रव्य जन्मतं तेव्हा क्षेत्राची ऋण ऊर्जा तेवढीच वाढते आणि ताळेबंद जुळतो.

मग १९६५ आलं. पेन्झियास आणि विल्सन यांना न्यू जर्सीतल्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखंच येणारं प्रारण, म्हणजे पार्श्वप्रारण, सापडलं, सुमारे ३ केल्व्हिन (उणे २७० अंश सेल्सिअस) तापमानाचं. महास्फोटात ते आपोआप निघतं. स्थिर स्थितीत ते कुठून आणायचं हा प्रश्न पडला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी बाजू बदलली. नारळीकरांनी बदलली नाही.

माझं म्हणणं असं: आठशे शब्दांच्या वरच्या कोणत्याही स्मरणलेखात तीन गोष्टी यायलाच हव्यात. सिद्धांत काय होता, तो आकर्षक का होता, आणि तो कोणत्या निरीक्षणापाशी अडला. हे गाळून लिहिलेला लेख कोणत्याही पदकविजेत्या माणसाला चालेल.

शाईची दौत

साफ असहमत. मृत्युलेख कसा तयार होतो ते आधी बघा. बातमी सकाळी येते, पान संध्याकाळी लागतं, जागा सहाशे शब्दांची. पार्श्वप्रारण म्हणजे काय हे कधीही न ऐकलेल्या वाचकाला समजावायचं तर किमान अडीचशे शब्द जातात. ते कुठून काढायचे? कात्री आधी लागते ती शाळकरी मुलांसाठी आयुकात होणाऱ्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना. मग सही मागणाऱ्या मुलाला 'पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर देतो' असं सांगण्याच्या त्यांच्या रिवाजाला. मराठी घरांत नारळीकर पोचले ते याच वाटेने, सी-फील्डने नव्हे.

दुसरं, सहाशे शब्दांत कोंबलेला सिद्धांत वाचून लोकांच्या डोक्यात एकच वाक्य उरेल: 'नारळीकर चुकले होते.' ते वाक्य दुसऱ्या दिवशी फलज्योतिषवाल्यांच्या हातात असेल. २००१ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले तेव्हा विरोधात उभ्या राहिलेल्यांत नारळीकर होते. पुढे २००८ ला त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांच्यासोबत कुंडल्यांची चाचणी घेतली. हातात अडीचशे शब्द असतील तर ते या चाचणीला द्या. वाचकाला तिचा रोजच्या जगण्यात उपयोग आहे.

गणिती

चाचणीला जागा द्यावी हे मान्य. पण ती नीट सांगितली तर ध्रुवमत्स्य यांचंच म्हणणं बळकट होतं. लेखांत ती 'ज्योतिषांना उघडं पाडलं' एवढ्यावर उरकतात, म्हणून रचना सांगतो.

२०० कुंडल्या, शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० सरमिसळ करून द्यायच्या आणि कोणती कोणत्या गटातली ते सांगायला लावायचं. ५१ जणांनी संच घेतले, २७ जणांनी उत्तरं पाठवली. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: किती बरोबर आली तर दाद द्यायची हे आधी ठरलं होतं. चाळीसपैकी २८.

२८ च का? नाणं उडवून उत्तरं दिली तर सरासरी २० बरोबर येतात आणि प्रमाण विचलन (सरासरीच्या खाली-वर होणारा सर्वसाधारण फरक) ३.१६ पडतं. निव्वळ योगायोगाने २८ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. प्रत्यक्षात सर्वात वरचा आकडा होता २४. आता चोवीस ऐकायला बरा वाटतो, पण नाणं उडवणाऱ्या २७ जणांत २४ किंवा वर जाणारे तीन-चार जण सहज निघतील. इथे एकच निघाला. उंबरठा आधी ठरवला नसता तर त्याच चोवीसवाल्याचा सत्कार झाला असता.

चाचणीचं सगळं बळ 'निकष आधी, निकाल नंतर' यात आहे. तोच निकष नारळीकरांच्या स्वतःच्या सिद्धांताला लावायला आपण कचरलो, तर ज्योतिषी पहिलं बोट त्यावरच ठेवेल, आणि ते वाजवी असेल.

सृजनक्षेत्र

इथे तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते आहे. मृत्युलेखांत तर होतेच.

एक, १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत. तो नारळीकरांचा नाही. ते त्याचे पुढच्या पिढीतले वकील. १९६१ च्या सुरुवातीला केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजदाद (क्षीण, दूरचे स्रोत अपेक्षेहून जास्त निघाले) पुढे करून स्थिर स्थिती बाद झाल्याचं जाहीर केलं. त्यावर हॉईल आणि विद्यार्थीदशेतल्या नारळीकरांनी दिलेलं उत्तर असं होतं की मोठ्या पट्ट्यावर द्रव्य गुठळ्यांनी पसरलेलं असेल तर क्षीण स्रोत जास्त दिसू शकतात. विश्वात दीर्घिकांचे असे महासमूह आहेत हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. पुढे ते दिसले.

दोन, १९६४ चा हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत. कणाचं वस्तुमान हा त्याचा स्वतःचा गुण नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे ते ठरतं, ही भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखची कल्पना त्यांनी समीकरणांत बसवली. पद्मभूषण मिळालं ते या गाजावाजानंतर. यावर आक्षेप घेणारा होता तेव्हा पीएचडी पुरी न झालेला स्टीफन हॉकिंग. सतत प्रसरणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणाऱ्या प्रभावांची बेरीज अनंत होते, असं त्याने दाखवलं. हा आक्षेप गणिताचा, १९६५ च्या प्रारणाशी त्याचा संबंध नाही.

तीन, १९९३ चं हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांचं क्वासी स्टेडी स्टेट, म्हणजे जवळजवळ स्थिर स्थितीचं, विश्व. हे आंदोलत आंदोलत वाढतं, एक आवर्तन साधारण चाळीस-पन्नास अब्ज वर्षांचं. द्रव्य सगळीकडे थेंबथेंब न जन्मता दीर्घिकांच्या प्रचंड वस्तुमानाच्या केंद्रांपाशी जन्मतं. पार्श्वप्रारण म्हणजे आधीच्या आवर्तनांतला ताऱ्यांचा प्रकाश. तो लोखंडाच्या मिलिमीटरभर लांबीच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला.

तिन्हींचा निकाल एकाच वाक्यात 'सिद्धांत हरला' असा लावणं चूक आहे. त्यापेक्षा न लिहिलेलं परवडलं.

ध्रुवमत्स्य

विभागणी मान्य, लेखात ती घ्यावीच. पण तिसरा कुठे अडला ते तुम्ही सोडलंत. तो येण्याआधीच, १९९० ला, नासाच्या कोबे उपग्रहाने प्रारणाचा वर्णपट मोजला. आदर्श कृष्णवस्तूचा (पडलेलं सगळं प्रारण शोषणारी आणि फक्त तापमानानुसार प्रारण टाकणारी वस्तू) जसा असतो तसाच, तापमान २.७३ केल्व्हिनच्या आसपास. ताऱ्यांच्या प्रकाशापासून इतका नितळ वर्णपट करायचा तर तंतूंची लांबी, प्रमाण, वाटणी सगळंच नेमकं जुळवावं लागतं. मग त्या प्रारणाच्या तापमानातले सूक्ष्म चढउतार. साधारण एक अंशाच्या कोनापाशी त्यांच्या आलेखाचं पहिलं शिखर येतं आणि पुढे ठरलेल्या अंतरांनी बाकीची. महास्फोटात ही शिखरं आदिम वायूतल्या ध्वनिलहरींपासून निघतात. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००३ ला दीर्घिका-समूहांच्या आधारे ती बसवून दाखवली. पण बसवणं वेगळं आणि आधी भाकीत करणं वेगळं. गणिती यांनी कुंडल्यांबाबत सांगितलं तेच इथे लागू.

हेलियमचंही तेच. विश्वातल्या सामान्य द्रव्यात वजनाने सुमारे पाव हिस्सा हेलियम आहे. ताऱ्यांच्या भट्टीतून इतकं निघत नाही. आणि हलक्या मूलद्रव्यांचं महास्फोटातलं गणित १९६७ ला वॅगनर आणि फाउलर यांच्यासोबत कोणी केलं? खुद्द हॉईलने. विरोधी पक्षाचं सर्वात भक्कम गणित स्वतः करून देणारा गुरू लाभलेला हा शिष्य होता. एवढं एक वाक्य आलं तरी श्रद्धांजलीला वजन येईल.

दुसरा शनिवार

संस्था बांधणारे म्हणून त्यांची आठवण काढतात ती भिंती, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची वास्तू आणि न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडापाशी थांबते. लिहायला हवी ती गोष्ट राहून जाते. १९८८ ते २००३ ज्या संस्थेचे नारळीकर संचालक होते, तिथे थाणू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप यांच्यासारखे लोक प्रचलित विश्वरचनाशास्त्रात काम करत होते. संचालक महास्फोट मानत नाही आणि त्याच्याच छपराखाली महास्फोटाच्या पार्श्वप्रारणावर काम चालतं. २००३ च्या ज्या निबंधाचा उल्लेख वर झाला त्याच्या लेखकांत सौरदीपही होते. गुरुत्वीय लहरींचा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्याच्या पद्धतींवर संजीव धुरंधर तिथे काम करत राहिले, लहरी सापडायच्या कितीतरी आधीपासून.

आपल्याकडे विभागप्रमुखाच्या मताविरुद्ध प्रबंधाचा विषय घेणं किती जड जातं, हे विद्यापीठातल्या कोणालाही विचारा. म्हणूनच त्यांचा स्वतःचा सिद्धांत लेखात असायला हवा. तो नसेल तर ही मोकळीक वाचकाला दिसणारच नाही.

शाईची दौत

हा मुद्दा मला पटला, आणि आजवरच्या लेखांत तो नव्हता हेही खरं. पण माझी मूळ हरकत जागेची आहे. ती कोणी सोडवली नाही. वर तुम्ही सगळ्यांनी मिळून जे लिहिलंत ते हजार शब्दांच्या आसपास आहे. शंभर शब्दांत, पार्श्वप्रारण हा शब्द आजच ऐकणाऱ्या वाचकासाठी लिहून दाखवा.

ध्रुवमत्स्य

घ्या:

'विश्व एका महास्फोटातून जन्मलं, हे नारळीकरांनी कधी स्वीकारलं नाही. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असताना विरळ होऊ नये एवढं नवं द्रव्य त्यात जन्मत राहतं, या मताचे ते जगातले प्रमुख पुरस्कर्ते. १९६५ साली सगळ्या आकाशातून येणारी एक मंद ऊब रेडिओ अँटेनांना सापडली. आरंभी विश्व तप्त होतं याचा तो पुरावा, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह सुधारित सिद्धांत मांडून त्या ऊबेचं वेगळं स्पष्टीकरण दिलं, पण नंतरच्या उपग्रहांची मोजमापं महास्फोटाच्या बाजूने गेली. त्यांनी उभारलेल्या आयुकात मात्र दोन्ही बाजूंचं संशोधन चालत राहिलं.'

ऐंशीच्या आसपास शब्द आहेत. एकही समीकरण नाही.

सृजनक्षेत्र

'वेगळं स्पष्टीकरण दिलं' च्या जागी 'ती जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाची ऊब असल्याचं मांडलं' असं करा. चारच शब्द वाढतात आणि स्पष्टीकरण नेमकं काय होतं ते कळतं. 'वेगळं' म्हटलं की वाचकाला ते मनमानी वाटतं.

आणि एक सूचना उलट्या टोकाच्या मंडळींसाठी. प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला की दोन वेगळे आकडे येतात, किंवा जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला अपेक्षेहून आधीच्या काळातल्या तेजस्वी दीर्घिका दिसल्या, की 'नारळीकर बरोबर होते' असे संदेश फिरू लागतात. त्या विसंगतीतून प्रचलित प्रतिकृतीत दुरुस्ती लागू शकेल. पण ती ऊब, ती शिखरं आणि ते हेलियम त्याने नाहीसं होत नाही. हा सिद्धांत मला मनापासून आवडतो, तरी असले संदेश मी पुढे पाठवणार नाही.

गणिती

जास्तीच्या दोनशे शब्दांची सोय असेल तर उंचावरच्या हवेत जिवाणू शोधण्याचा बलूनचा प्रयोगही घ्या, पण काळजीपूर्वक. २००१ आणि २००५ ला हैदराबादहून इस्रोच्या मदतीने बलून सोडले. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या द्रव निऑनने थंड ठेवून वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यांतल्या एकीला हॉईलचं नाव दिलं. लेखांत याचं 'नारळीकरांनी अंतराळातले जीव शोधले' होतं. नव्या जाती सापडणं आणि त्या पृथ्वीबाहेरून आल्याचं सिद्ध होणं यांत मोठं अंतर आहे. जमिनीवरचे जिवाणू तेवढ्या उंचीवर जाऊ शकतात का, हा प्रश्न तिथे उभाच आहे.

शाईची दौत

परिच्छेद चांगला उतरलाय. तरी तो मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीच्या लेखात मी घेणार नाही. घरच्यांचं दुःख ताजं असताना 'मोजमापं विरुद्ध गेली' हे वाक्य मला जड जातं. १९ जुलैला, जन्मदिनी, दोन हजार शब्दांचा सविस्तर लेख करा आणि तिथे हे सगळं द्या. हेलियम, तंतू, हॉकिंग, सगळं.

ध्रुवमत्स्य

१९ जुलैचा लेख पुरवणीत जातो आणि तिथेच राहतो. विकिपीडियाला संदर्भ म्हणून जोडला जातो तो २१ मेचा. शाळेतली मुलं प्रकल्पासाठी उतरवून घेतात तोही तोच, आणि पुढचे श्रद्धांजली लेख त्यावरूनच बेततात. 'महास्फोटाचे अभ्यासक' ही चूक अशीच लेखामागून लेखात गेली. दुःखाचं म्हणाल, तर 'मोजमापं विरुद्ध गेली' याच्या जागी 'मोजमापं महास्फोटाच्या बाजूने गेली' हे मी मुद्दाम लिहिलंय. त्याहून मऊ करायला माझी तयारी नाही.