डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) ५.५, तरी दुपारनंतर मासे वर का येतात?

काठावरचा: तळ्यात प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. पाणी हिरवट, वास नाही, २८ अंश. पहाटेची मोजणी, लिटरला मिलिग्रॅममध्ये: डीओ ५.५, एकूण अमोनिया २, नायट्राइट ३. सामू (पीएच) ७.४. दुपारनंतर कार्प वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, खाद्याला शिवत नाहीत. चुना टाकू का?

सामूवाला: चुना अजिबात नको. आधी दुपारी चारला सामू मोजा. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि सामू चढतो. २८ अंशाला सामू ७.४ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम पावणेदोन टक्के मुक्त, म्हणजे विषारी रूपात असतो; ८.८ झाला की तीस टक्के. तुमचे तेच २ मिलिग्रॅम पहाटे ०.०३५, दुपारी ०.६! ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा सुरू होते. पाती सुजतात, एकमेकींना चिकटतात, मग पाण्यात प्राणवायू असूनही आत जात नाही. चुन्याने सामू आणखी वर जाईल.
किटवर 'अमोनिया-नायट्रोजन' लिहिलंय का तेही बघा. असेल तर आकडा १.२ ने गुणायचा.

कल्लेतपास: नायट्राइटही सोडू नका. एका माशाचं कल्ल्यावरचं झाकण उचला. आत चॉकलेटी रंग दिसला तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद गेली आहे. उतारा मीठ, पण क्लोराइड मोजल्याशिवाय ओतू नका. नायट्राइटच्या दहापट, इथे ३०, पुरे. सांडपाण्यात ते बहुधा आधीच असतं. समजा २० कमी पडलं, तर १००० घनमीटरला ३३ किलो मीठ (मिठात क्लोराइड ६० टक्के).

काठावरचा: कल्ले फिकट लाल, वर चिकट थर. क्लोराइड ७०. चारचा सामू ८.९.

सामूवाला: मग अमोनियाच. खाद्य आजपासून बंद, सांडपाणी वळवा, चौथाई पाणी बदला. नव्या पाण्याचा सामू ८ च्या खाली हवा. एरेटर रात्री चालवा, अंधारात शेवाळच प्राणवायू खातं. यापुढे डीओ पहाटे, अमोनिया नि सामू दुपारी मोजा. उलट मोजलं की दोन्ही आकडे छान दिसतात.

निचरा: सांडपाणी क्लोरीन घालून सोडतात का? लिटरला ०.०२ मिलिग्रॅमही कल्ल्यांना बाधतं, साध्या रंगपट्टीवर ते दिसतच नाही. अमोनियाशी मिळून क्लोरामाइन झालं तर नुसत्या एरेटरने लवकर जात नाही. एक भाग क्लोरीनला सात भाग सोडियम थायोसल्फेट, तेही पाणी तळ्यात शिरण्याआधी.
जाता जाता: सांडपाण्यातली संप्रेरकं या कोणत्याच किटमध्ये येत नाहीत. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधल्या 'लेक २६०' मध्ये २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळ्यांतलं इस्ट्रोजेन सोडलं होतं, लिटरला फक्त ५-६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो या लहान माशाच्या नरांत अंड्यातलं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि ती जात तळ्यातून जवळजवळ संपली. मोठे मासे धडधाकट दिसले तरी दर हंगामात पिल्लं मोजत जा.