एक-पाइप स्टीम: खालचे मजले उकडतात, वरचे गारच

तळघर_किल्ली
चार मजली जुनी इमारत, तळघरात वाफ करणारा गॅसचा बॉयलर, खोल्या तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप. पहिल्या मजल्यावर लोक खिडक्या उघडून बसतात आणि चौथ्या मजल्यावर टोकाच्या खोल्या गार. तिथल्या रेडिएटरचे व्हॉल्व्हकडचे चार-पाच सेक्शन तापतात, पुढचे थंडच. बॉयलरवरच्या दाबाच्या गेजचा काटा 5 पीएसआयपर्यंत (पाउंड प्रति चौरस इंच) चढतो. तळघरात दोन मेन (वाफेचे मुख्य पाइप) आहेत, प्रत्येकी साधारण 60 फूट, 2 इंची; दोन्हींच्या टोकाला रंगाने बुजलेला एकेक छोटा व्हेंट (हवा बाहेर सोडणारी, वाफ पोचली की मिटणारी झडप). वरच्या रेडिएटरना मोठे व्हेंट लावू की प्रेशर वाढवू?

वाफ_पाणी
दोन्ही नको. प्रेशर आधी खाली आणा. पाइपात हवा भरलेली असते. ती बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही, आणि तुमच्याकडे ती फक्त रेडिएटरमधून बाहेर पडते आहे. म्हणून बॉयलरजवळचे रेडिएटर आधी भरतात, थर्मोस्टॅट समाधानी होतो आणि वर वाफ पोचायच्या आत बर्नर बंद.

2 इंची पाइपात दर फुटाला सुमारे 0.023 घनफूट हवा मावते, म्हणजे 60 फुटांत 1.4 घनफूट. गॉर्टन कंपनीचा नंबर 2 हा मेन व्हेंट अगदी कमी दाबालाही मिनिटाला एक घनफुटाच्या आसपास हवा सोडतो, तेव्हा एका मेनला एक पुरतो. नंबर 1 घेतलात तर साधारण तीन लागतील. व्हेंट अगदी टोकाच्या एल्बोवर (वळणावर) बसवू नका. पंधराएक इंच अलीकडे, 6 ते 10 इंची निपलवर (पाइपाच्या छोट्या तुकड्यावर) उभा ठेवा. टोकावर आपटणारं पाणी त्याच्या आतला फ्लोट खराब करतं.

मग घड्याळ लावा: हेडर (बॉयलरमधली वाफ मेनना देणारा पाइप) तापल्यापासून व्हेंटजवळचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत किती वेळ जातो ते बघा. दोन्ही मेनचा वेळ जवळपास सारखा आला पाहिजे. रेडिएटरना हात त्यानंतर.

पिगटेल
5 पीएसआय दिसतंय म्हणजे प्रेशरट्रोलला, म्हणजे दाब पाहून बर्नर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलला, खरा दाब कळतच नसेल. त्याच्याखालची वळलेली बारीक नळी, पिगटेल, गाळाने बुजते. बॉयलर बंद, वीज तोडलेली, गेज शून्यावर, हे पाहूनच ती काढा. आरपार साफ करा किंवा सरळ नवी घाला, आणि बसवताना आत पाणी भरा. नाहीतर वाफ थेट कंट्रोलवर जाते. पुढच्या पट्टीवर कट-इन असलेल्या प्रकारात कट-इन (बर्नर सुरू होण्याचा दाब) 0.5 आणि आतल्या चाकावर डिफरन्शियल (सुरू आणि बंद होण्यातला फरक) 1 ठेवा. बर्नर 1.5 ला थांबेल. जास्त दाबाला एकदा मिटलेले बरेच व्हेंट दाब उतरेपर्यंत परत उघडत नाहीत, हेही अर्धवट तापलेल्या रेडिएटरचं एक कारण असतं.

30 पीएसआयच्या गेजवर इतका कमी दाब नीट वाचता येत नाही. ते गेज काढू नका; शेजारी 0 ते 3 चं वेगळं गेज लावा.

तळघर_किल्ली
कळलं. पहिल्या मजल्यावर उकडतं म्हणून काहींनी व्हॉल्व्ह अर्धा बंद केलाय. तिथेच ठोके ऐकू येतात.

वाफ_पाणी
तेच कारण. एक-पाइपमध्ये वाफ आत येते त्याच वाटेने पाणी परत जातं. अर्ध्या उघड्या व्हॉल्व्हमध्ये पाणी अडतं आणि वाफ त्यावर आदळते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. उष्णता कमी करायची तर हवा हळू सोडणारा व्हेंट लावा: पहिल्या मजल्यावर हॉफमन 40 किंवा गॉर्टन 4, चौथ्यावर हवा लवकर सोडणारा गॉर्टन 6 किंवा सी. सरसकट सगळीकडे मोठे लावलेत तर वाफेच्या वेगामुळे पाणी परत उतरत नाही आणि व्हेंट थुंकायला लागतो.

वरच्या गार रेडिएटरचा व्हेंट, रेडिएटर थंड असताना काढून फुंकून बघा. हवा जात नसेल तर फेकून द्या. तो रेडिएटरच्या मध्यावरच्या भोकात हवा, माथ्यावर नाही. वाफ हवेपेक्षा हलकी, ती वर आधी पोचते आणि खाली हवा शिल्लक असतानाच व्हेंट मिटवते. शेवटी लेव्हल ठेवून उतार व्हॉल्व्हच्या बाजूला आहे ना ते पाहा. नसेल तर पलीकडच्या पायांखाली पाव इंची पट्टी सरकवा.

पिगटेल
तळघरातले मेन उघडे असतील तर 1 इंच जाडीचं फायबरग्लासचं आवरण घाला, नाहीतर बरीच वाफ तिथेच विरते. मात्र जुनं पांढरं, प्लास्टरसारखं आवरण दिसलं तर त्याला हात लावू नका, आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. आणि बॉयलर चालू असताना पातळी दाखवणाऱ्या काचनळीतलं पाणी इंचभराहून जास्त उड्या मारत असेल तर पाण्यावर तेल आहे. स्किम पोर्टमधून (बॉयलरच्या पाण्याच्या वरच्या थराजवळचं भोक) अगदी संथ धारेने, तास-दोन तास, ते काढावं लागेल. तोवर मेनमध्ये ओली वाफ जात राहील आणि नवे व्हेंटही पाणीच टाकतील.